बन्नीमंटपचं रॉकेल

१

जयलक्ष्मी शुक्रवारी सकाळी भाजली आणि संध्याकाळी गेली. शनिवारी दुपारी तिच्या नवऱ्याला पोलीस घेऊन गेले, आणि रविवार उजाडेपर्यंत म्हैसूरच्या बन्नीमंटपमधल्या त्या गल्लीत शंका घेणारा एकही माणूस उरला नव्हता. निवृत्ती शिंप्यानं बायकोवर रॉकेल ओतलं आणि काडी टाकली. झालं. गल्लीला आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला.

सोमवारी सकाळी निवृत्तीची आई सोयराबाई चालत गोकुलमला आली आणि वेदवतीबाईंच्या दारात उभी राहिली. पंधरा वर्षं वेदवतीबाईंचे कपडे निवृत्तीच शिवायचा, तेवढीच ओळख.

वेदवतीबाईंनी मुलींच्या कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ व्यासराज बायको गेल्यापासून त्यांच्याकडेच राहायचा. पुरवठा खात्याच्या कचेरीत टायपिस्ट होता. तीस वर्षं पेपर तपासून माणसाच्या बुद्धीविषयी बाईंचं एक मत बनलं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "रडायचं असेल तर आधी रडून घ्या. मग बोला."

"रडून झालं, टीचर. माझा पोरगा सुम्ने, उगीच, कुणावर हात उगारायचा नाही."

"सगळ्या आया असंच म्हणतात. दुसरं काही सांगा. तुम्ही कुठं होता?"

"मी पुढच्या खोलीत, विठोबाला हार करत होते. निवृत्ती दुकानात मशीनवर. दुकान म्हणजे तिथंच, ओट्यावर. जया आत सैपाकघरात. भपकन आवाज आला. जाऊन बघते तर पोरगी खालून पेटलेली."

"खालून?"

"खालून. पायापासनं."

वेदवतीबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "शुद्धीवर होती ती? काही बोलली?"

"एवढंच म्हणत होती. काडी लांब होती, काडी लांब होती. दवाखान्यात नर्सनंबी लिहून घेतलं. पोलीस म्हणतात, ह्याच्यातच सगळं आलं." सोयराबाई खाली बघत म्हणाली, "काय आलं टीचर ह्याच्यात? मला तरी समजंना."

वेदवतीबाईंनाही समजलं नाही. आणि न समजलेली गोष्ट तशीच ठेवून जेवायला बसणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

२

सब-इन्स्पेक्टर संताजीराव जाधव टेबलावर दोन्ही कोपरं टेकून बसले होते. घराणं मराठ्यांचं, तीनचार पिढ्या म्हैसुरात. मिशीला रोज वेळ देणारा माणूस होता.

"मेडम, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून सांगतो. या वर्षातली ही चौथी केस. दरवेळी स्टोव्हचा भडका. आणि दरवेळी सूनच भाजते. सासू कधी भाजत नाही, नोडी, बघा."

त्यात खोटं काही नव्हतं. तीनदा ते बरोबर निघाले होते, आणि म्हणूनच चौथ्यांदा बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं. वेदवतीबाईंना अशा मुली आठवल्या. मागच्या वर्षीचं उत्तर या वर्षीच्या प्रश्नाला लिहून वर मार्क मागायला येणाऱ्या.

"आणि ती म्हणाली ते?"

"काडी लांब होती. म्हणजे नवऱ्यानं लांबून काडी फेकली. मरणारी बाई खोटं बोलत नाही."

"मरणारी बाई मराठीत बोलत होती, संताजीराव. 'काडी लांब होती' आणि 'काडी लांबून टाकली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या घरी मराठीच बोलतात ना?"

संताजीराव नुसते हसले. बाईंनी पंचनामा वाचायला मागितला. तो देण्याचा नियम नव्हता, पण यांना लवकर घालवायचं तर देणं सोपं होतं. जयलक्ष्मीचे पाय सर्वांत जास्त भाजले होते, मग साडी, मग हात. डोक्याचे केस शाबूत. वेणीतलं फूलसुद्धा तसंच होतं.

"म्हणजे या नवऱ्यानं बायकोच्या पायांवर रॉकेल ओतलं," बाई म्हणाल्या. "आणि ती उभी राहून बघत होती. घरातला रॉकेलचा डबा कुठं आहे?"

"सील करून बेंगळूरला पाठवलाय. रिपोर्ट यायला दोन महिने."

"उघडून वास घेतलात?"

"रॉकेलचा वास काय घ्यायचा, मेडम?"

निवृत्तीला भेटायला त्यांना पाच मिनिटं मिळाली. तो गजांमागे उकिडवा बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर फिरत होती, कापडाचा पोत बघितल्यासारखी.

"भांडण झालं होतं?" बाईंनी सरळ विचारलं.

"झालं होतं. आदल्या दिवशी. रॉकेलवरूनच. मी म्हणालो, मशीन साफ करायला थोडं काढून ठेव. ती म्हणाली, सैपाकाला पुरत नाही आणि तुम्हाला मशीन सुचतंय." त्यानं बोटं थांबवली. "तरी दिलं तिनं. एक बाटली."

"मग?"

"मग काय. ते तेल बरोबर नव्हतं. मशीनला पुसलं की लगेच उडून जायचं. रॉकेलचा ओशटपणा राहतो हाताला. हे कोरडं. मशीन उलट कुरकुरायला लागली. तिला सांगणार होतो, तेवढ्यात..."

वेदवतीबाईंनी आतापर्यंत त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. आता बघितलं.

"ती बाटली पोलिसांनी नेली?"

"ती मशीनच्या खणात आहे. कुणी विचारलीच नाही."

३

ऑगस्टात इराकनं कुवेत गिळलं, आणि त्याची किंमत दसरा संपता संपता म्हैसुरातल्या बायका भरत होत्या. तिकडून येणारी कच्च्या तेलाची जहाजं थांबली. किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांना माल अपुरा पडू लागला. कुवेतमधून तयार रॉकेल आणि डिझेल यायचं तेही बंद झालं. डेपोत टँकर अर्धे येऊ लागले, कार्डावरचं रॉकेल निम्म्यावर आलं, पेट्रोल पंपांवर दोऱ्या बांधून 'नो स्टॉक'च्या पाट्या लागल्या. वर्गात वेदवतीबाई शिकवायच्या की कच्चं तेल तापवलं की वरून पेट्रोल निघतं, मधून रॉकेल, खालून डिझेल. निसर्गानं, म्हणजे कारखान्यानं, एवढी मेहनत घेऊन वेगळं केलेलं पुन्हा एकत्र करायला मात्र एक बादली आणि एक नालायक माणूस पुरतो. पेट्रोल महाग, रॉकेल सरकारनं गरिबांसाठी स्वस्त ठेवलेलं. त्यामुळे टंचाईच्या दिवसात असल्या नालायकांचं पीक जोरात येतं.

सोयराबाईनं बाटली काढून दिली. बाईंनी बूच उघडून नाकाशी धरली आणि लगेच बंद केली.

समोरच्या घरातली शांताक्का तेवढ्यात चौकशीला आलीच. तिला बोलतं करायला काही लागलं नाही.

"गुरुवारी रात्री आमचा कंदील असा पेटला, काच फुटून पडली. मागल्या आळीत एकीच्या भुवया जळाल्या म्हणे."

"पोलिसांना सांगितलंत?"

"काच माझी फुटली, पोलिसांना काय त्याचं?"

"आणि निवृत्ती बायकोशी भांडला, हे सांगितलंत?"

"ते सांगितलं. त्यांनी विचारलं ना." शांताक्का जरा दुखावली. "खरं तेच सांगितलं, अल्वा?"

"अगदी खरं," वेदवतीबाई म्हणाल्या. "अर्ध्या गल्लीच्या घरात भडका उडाला आणि प्रत्येकीनं आपापली वात बदलली. रॉकेल कुठलं?"

"सगळ्यांचं नागराजकडचं. गुरुवारी वाटलं त्यानं. आधी दहा दिवस पिंपं रिकामीच होती. मंगळवारी संध्याकाळी येलवालच्या पेट्रोल पंपाचा टेंपो आला आणि चार पिंपं उतरवून गेला."

रॉकेलचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. नागराज चाळिशीचा, कपाळाला ठसठशीत गंध, बोलायला गोड.

"बिडी, सोडा मेडम, लोकांचं काय ऐकता. युद्धाचे दिवस. कुवेत बंद, म्हणून माल दुसऱ्या देशाचा आलाय. वास वेगळा येणारच."

"असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. सगळ्यांना पटलं."

पटणारच, बाईंनी मनात म्हटलं. त्यांना दुकानामागून धूर येताना दिसला. विचारता विचारता त्या दोन पावलं आत गेल्या. मागच्या अंगणात नागराजची बायको चुलीत फुंकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शेजारी सरपणाची मोळी. चुलीची माती एका बाजूला अजून ओलसर दिसत होती.

"नवी चूल वाटतं?" बाईंनी विचारलं.

"बुधवारी घातली," ती खोकत म्हणाली. "हे म्हणाले, आता स्टोव्हला हात लावायचा नाही म्हणून."

नागराज मागे येऊन उभा होता. गंधाखालचं कपाळ घामानं भिजलं होतं. वेदवतीबाई तशाच बाहेर पडल्या. रॉकेल विकणाऱ्याच्या घरात बुधवारी चूल पेटते, आणि गुरुवारी तो तेच रॉकेल गल्लीला वाटतो.

४

मंगळवारी दुपारी संताजीराव गोकुलमला आले ते केवळ बाईंनी पोलीस सुपरिंटेंडेंटच्या बायकोला शिकवलं होतं म्हणून. मागच्या अंगणात, भिंतीपासून दूर, फरशीवर दोन मातीच्या पणत्या मांडल्या होत्या.

"या पहिल्या पणतीत निवृत्तीच्या मशीनचं तेल आहे," बाई म्हणाल्या. "दुसरीत माझ्या घरचं रॉकेल. आमच्याकडे गॅस आहे, पण सिलिंडर मिळेना झालेत म्हणून व्यासराजनं गेल्या आठवड्यात डबा आणून ठेवला. अजून वापरलेला नाही. चांगलं रॉकेल थंड असताना नुसती काडी दाखवून पेटत नाही. त्याला वात लागते. आता बघा."

त्यांनी लांब काठीला काडी बांधली होती. ती पेटवून पहिल्या पणतीकडे नेली. काडी वीतभर अंतरावर असतानाच हवेतून एक निळी झेप आली आणि पणती भपकन पेटली. संताजीराव मागे सरले.

"काडी लांब होती," वेदवतीबाई म्हणाल्या. "जयलक्ष्मीनं स्टोव्ह भरला. थोडं जमिनीवर सांडलं असेल. मग दोन पावलं लांब जाऊन तिनं काडी ओढली, देवाच्या दिव्यासाठी म्हणा, कशासाठी म्हणा. यात पेट्रोल आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीवरून सरपटत काडीपर्यंत गेली. म्हणून आग पायापासून लागली, म्हणून वेणीतलं फूल शाबूत राहिलं. ती बिचारी मरताना तुम्हाला उत्तर सांगत होती आणि तुम्ही तिच्याच नवऱ्याला फाशी द्यायला निघालात."

संताजीरावांचा चेहरा उतरला होता. पण माणूस चिवट. "आणि दुसरी पणती?"

"दुसरी पेटणार नाही."

बाईंनी नवी काडी लावून दुसऱ्या पणतीजवळ नेली.

ती वीतभर अंतरावरून पेटली.

मग संताजीराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बघा मेडम. रॉकेल म्हटलं की पेटायचंच. सगळंच पेटतं. आता जाऊ का मी?"

"तुमचं घर कुठं आहे?" वेदवतीबाईंचा आवाज कोरडा होता.

"इथंच, क्वार्टर्समध्ये."

"शिपायाला पाठवा आणि तुमच्या घरचं रॉकेल आणा."

वीस मिनिटांनी तिसरी पणती भरली. काडी जवळ आली, अगदी वर आली, तेलात बुडाली आणि चर्र करून विझली. बाईंनी दुसरी काडी बुडवली. तीही विझली.

संताजीरावांनी उकिडवं बसून ती विझलेली काडी उचलून बघितली. मग उठले, टोपी घातली. "नागराजच्या दुकानात अजून पिंपं असतील," ते म्हणाले आणि झपाट्यानं निघून गेले.

वेदवतीबाई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांचं कार्ड गोकुलमच्या दुकानावर होतं. तिथलं रॉकेल बन्नीमंटपच्या पिंपातलं असायचं काहीच कारण नव्हतं.

५

बुधवारी सकाळी त्या येलवालला गेल्या. घरातल्या डब्याचा विचार करण्यापेक्षा हुणसूर रस्त्यावरची धूळ खाणं त्यांना बरं वाटलं.

पंपाचे मालक वेंकोजीराव खुर्चीत बसून रांगेतल्या लोकांना ताक वाटायला लावत होते. टंचाईतलं पुण्य. संताजीरावांनी रात्री नागराजला उचलल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असावी, कारण ते न विचारताच बोलायला लागले.

"माझ्या पंपाची गेल्या बुधवारीच तपासणी झाली, अम्मा. अचानक आले. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघितला, पाच वेळा. भेसळीचा एक डाग नाही. लेखी देऊन गेलेत."

"डाग कसा पडेल," वेदवतीबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी टाकी धुतली होती ना."

"कोण म्हणालं?"

"रांगेतला रिक्षावाला. मंगळवारी दुपारपासून तुम्ही पाटी लावून पंप बंद ठेवलात. टँकर मात्र सोमवारीच येऊन गेला होता. लोक पेट्रोलच्या थेंबासाठी भांडतात आणि तुम्ही भरलेली टाकी उपसून धुता. एवढी स्वच्छता फक्त देवघरात असते, वेंकोजीराव. नागराजचं रॉकेल तुमच्या टाकीत, आणि तपासणी आली की तुमचं सगळं पाप परत नागराजच्या पिंपात."

"पुरावा काय?"

"पिंपांवर तुमच्या पंपाचं नाव रंगवलेलं आहे. ते पुसायलाही तुम्हाला सुचलं नाही. मला याचाच जास्त राग येतो."

वेंकोजीरावांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. "मी फक्त माल ठेवायला दिला होता. वाटायला नाही सांगितलं. रांगेतली माणसं अंगावर यायला लागली, नागराज घाबरला आणि वाटून मोकळा झाला. त्या बाईच्या मरणाशी माझा काय संबंध?"

"तुमचा टाकीशी संबंध, नागराजचा पिंपाशी संबंध, शांताक्काचा तिच्या काचेशी संबंध. संबंध नसलेलीच पोरगी तेवढी मेली." बाई उठल्या. पण जाता जाता थांबल्या. उत्तर माहीत असूनही विचारावं लागणारा प्रश्न त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. "तपासणी अचानक होती म्हणता. मग मंगळवारीच तुम्हाला कसं कळलं?"

वेंकोजीरावांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. आणि ते हसले, अगदी आपुलकीनं.

"ते तुम्ही मला विचारता, अम्मा?"

६

व्यासराज दुपारच्या जेवणाला घरी यायचा. त्या दिवशी ताट वाढलेलं नव्हतं. टेबलावर रॉकेलचा डबा होता.

"हे कुठून आणलंस?"

"आणलं ना, अक्का. दुकानातून."

"आपल्या दुकानाला तीन आठवडे पाटी आहे. मी आता जाऊन बघून आले."

तो खुर्चीत बसला. चोपन्न वर्षांचा माणूस, पण बहिणीसमोर बसला की खांदे शाळकरी मुलासारखे आत यायचे.

"तपासणीचे आदेश तुझ्या मशीनवर टाइप होतात," बाई म्हणाल्या. "तारीख तू सांगितलीस."

"नुसती तारीख," व्यासराज हळूच म्हणाला. "मी पैसे घेतले नाहीत, अक्का. शपथ. वेंकोजीराव म्हणाले, एक डबा लागत असेल तर नागराजकडून घेऊन जा. मला काय ठाऊक त्यात काय आहे ते? ठाऊक असतं तर मी या घरात आणला असता?"

यावर त्यांचा विश्वास बसला. त्याची बुद्धी त्यांना ठाऊक होती.

"लाज नाही वाटली?"

त्यानं मान वर केली. रडत नव्हता. "तूच म्हणाली होतीस. त्या लोकांच्या रांगेत मी उभी राहणार नाही आणि तूही राहायचं नाहीस. कुठूनही आण, कसंही आण, पण रांगेतून नको. मी विचारलं पण होतं, कसं आणू. तू म्हणालीस, तेवढीही अक्कल नाही का."

त्या हे म्हणाल्या होत्या. शब्द न् शब्द. डाळीला फोडणी घालताना, मागं वळूनही न बघता.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग वेदवतीबाईंनी ताट वाढलं, भाऊ जेवेपर्यंत समोर बसल्या, आणि त्याचे हात धुऊन झाल्यावर डबा उचलला.

ठाण्यावर संताजीराव खुशीत होते. पिंपं सापडली होती, नागराजनं कबुली दिली होती, वेंकोजीरावांना आणायला जीप गेली होती. निवृत्तीला सकाळीच सोडलं होतं. न्यायला सोयराबाई आली होती, आणि तो तिच्यामागून चालत गेला, कोणाशी एक शब्द न बोलता.

"तुमचा जबाब तेवढा घेऊ, मेडम. पणत्यांचा."

बाईंनी सांगितलं, हवालदारानं लिहिलं. घरच्या डब्यापाशी, तो भावाला कशाच्या बदल्यात मिळाला तिथपर्यंत त्या आल्या तेव्हा संताजीरावांनी हवालदाराला थांबवलं. आत्ता पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं असावं. ते बाईंच्या जवळ वाकले, आणि आवाजात पूर्वीचा तोरा नव्हता. खरीच दया होती.

"मेडम, ह्याची गरज नाही. तारीख कुणी फोडली हे नागराजला ठाऊक नाही, आणि वेंकोजीराव आपणहून सांगणार नाहीत. केस तशीही उभी राहते. एवढी ओळ गाळली तर कुणाचं काय बिघडतं?"

वेदवतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. या माणसाला बोलायला तीन दिवस त्यांच्याकडे शब्दांची कमी पडली नव्हती. आता शब्द येईना, कारण ती ओळ गाळावी असं त्यांनाही वाटत होतं. फार वाटत होतं.

"लिहा," त्या हवालदाराला म्हणाल्या. "तपासणीची तारीख फोडणारा इसम, व्यासराज."

हवालदारानं साहेबांकडे बघितलं, मग लिहिलं. "वडिलांचं नाव?"

"तिरुमलराव."

"तुमच्याशी नातं?"

"सख्खा भाऊ. आणि पुढं लिहा, रॉकेल कसंही करून आण असं त्याला सांगणारी, जबाब देणारी स्वतः."

पेन थांबलं. संताजीराव खिडकीबाहेर बघत होते. हवालदारानं खाकरून शेवटचा रकाना भरायला घेतला.

"भावाचा पत्ता?"

"माझाच," वेदवतीबाई म्हणाल्या.